धारवाडात जन्मले, इंग्लंड गाजवलं, बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले : क्रिकेटपटू बाळू पालवणकर

13,245 आणि 11,225. 1937 साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत एका राखीव जागेसाठी पडलेली ही मतं. पहिला आकडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, दुसरा बाळू पालवणकरांचा. फरक फक्त 2,020 मतांचा.

बाबासाहेबांना त्यांच्या बालेकिल्ल्यात, मुंबईच्या गिरणगावात एवढी टक्कर देणारा हा माणूस मुळात पुढारी नव्हता. तो क्रिकेटपटू होता, आणि साधासुधा नव्हे. त्याच्या भरात त्याच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदुस्थानात दुसरा नव्हता. आणि त्याचा जन्म आपल्या सीमाभागातला, धारवाडचा.

धारवाड म्हटलं की आपल्याला पेढा आठवतो, बेंद्रे आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल आठवतात. बाळू पालवणकर सहसा आठवत नाहीत. खेळात मोठे झाले तरी कर्णधार झाले नाहीत, आणि राजकारणात उतरले ते इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या दलित नेत्याच्या विरुद्ध बाजूला. अशा माणसाचं काय करायचं, हे बहुधा कुणालाच नीट ठरवता आलं नाही. पण त्यांची गोष्ट पहिल्यापासून पाहिली, तर ते त्या बाजूला का गेले हे कळतं.

पालवण, धारवाड, पुणे

पालवण हे कोकणातलं गाव. आडनाव तिथलं. घर चर्मकार समाजाचं, म्हणजे त्या काळाच्या हिशेबात अस्पृश्य. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित. कोकणातली, देशावरची असंख्य दलित कुटुंबं त्या काळात लष्कराच्या आसऱ्याने गाव सोडून बाहेर पडली, त्यातलंच हे एक. 1876 च्या सुमारास धारवाडात बाळूंचा जन्म झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. बेळगाव, विजापूर, कारवारही त्याच इलाख्यात. कोकणातलं कुटुंब, धारवाडचा जन्म आणि पुण्यातलं बालपण, यात त्या वेळी कुणाला काही विशेष वाटायचं कारण नव्हतं.

कुटुंब पुण्याला आलं. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे बाळूंचे धाकटे भाऊ, आणि चौघेही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले. सुरुवात मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर झाली. शाळा फार झाली नाही, घरी पैसा लागत होता. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये.

1892 च्या आसपास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. पगार चार रुपये. काम तेच, शिवाय नेट लावायची आणि टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेषा मारायच्या. इथे त्यांची गोलंदाजी साहेबांच्या नजरेत भरली. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा हिंदुस्थानातला नामांकित गोरा फलंदाज, हॅम्पशरकडून कौंटी क्रिकेट खेळलेला. तो बाकीच्यांच्या आधी तासभर यायचा आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. त्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे मिळायचे, अशी गोष्ट सांगतात. महिन्याचे चार रुपये आणि एका बळीचे आठ आणे, म्हणजे आठ बळींत पगार निघाला. ही गोष्ट खरी असो की रंगवलेली, ग्रेगला हजारो चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला, यात शंका नाही.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतकी वर्षं नेटमध्ये घाम गाळूनही साहेबांनी बाळूंच्या हातात बॅट कधी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचं काम, गोलंदाजी नोकराचं.

चेंडू एकच, कप वेगळा

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती. पण संघात घ्यायचं कसं? सभासद बहुतेक ब्राह्मण. काही जण तयार होते, काहींचा कडवा विरोध होता. अखेर जिंकण्याची हौस जातीपेक्षा वरचढ ठरली. बाळू संघात आले आणि संघ जिंकू लागला.

मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक अडवायचा, त्याच्याकडून तो स्लिपमधल्या खेळाडूकडे जायचा, आणि विटाळ कुणालाच व्हायचा नाही. चहाची वेळ झाली की मात्र सगळं बदलायचं. बाकीचे तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे. बाळूंना चहा बाहेर मिळायचा, पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. तोंड धुवायचं तर कोपऱ्यात जायचं, पाणी घालायला दुसरा अस्पृश्य नोकर. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. तिथल्यांनी बाळूंची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती, असं सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. विजयानंतर त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात परतल्यावर जाहीर सत्कार झाला, आणि हार घालायला खुद्द न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहापाणीही करायला हवं, असं रानड्यांनी पुणेकरांना सुनावलं. लोकमान्य टिळकांनीही पुढे बाळूंचं कौतुक केलं.

बाळूंच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने हत्ती लक्षात ठेवला असता किंवा मातीचं भांडं. बाळूंनी बहुधा दोन्ही लक्षात ठेवलं. पुढच्या आयुष्यात ते ज्या बाजूला उभे राहिले, तिचा उगम इथेच आहे असं म्हणायला जागा आहे. ते ज्या समाजात वावरत होते त्याने त्यांना बाहेर बसवलं होतं, पण त्याच समाजातले रानडे त्यांच्या बाजूने बोललेही होते.

मुंबईचा जिमखाना

1896-97 मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं. शहर ओस पडू लागलं आणि बाळू मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न आला. काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली. संघाचे धुरीण कीर्तिकर यांनी ती बाजूला सारली आणि बाळूंना घेतलं. पुढे बाळूंनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. आपल्या बडोद्याचं नाव मिरवणारी ही रेल्वे, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया. तिच्या संघाकडूनही ते खेळले.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. वंगभंगाची चळवळ पेटली होती, स्वदेशीचा जोर होता, त्यामुळे हा सामना नुसता खेळ राहिला नव्हता. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांना 191 आणि 102 वर गुंडाळलं. 109 धावांनी विजय. बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ बळी घेतले. धाकटे शिवरामही या संघात होते. या विजयाचे पडसाद मुंबईबाहेरही उमटले. सुधारक मंडळींच्या वर्तमानपत्रांनी तर लिहिलं की गोऱ्यांना हरवण्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिमखान्याने या भावांना आपल्यात घेऊन एकत्र जेवायला बसवलं. पुण्यातलं मातीचं भांडं मुंबईत सुटलं होतं. दहा-बारा वर्षांत एवढा फरक पडला होता.

1911 : इंग्लंडचा दौरा आणि एक मानपत्र

1911 साली पहिल्यांदाच सगळ्या हिंदुस्थानचा म्हणून एक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघात पारशी, मुसलमान, हिंदू, शीख असे सगळे. आपल्या वडोदऱ्याचे राजपुत्र शिवाजीराव गायकवाडही होते. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ त्याच संघात. एका संघात राजपुत्रही होते आणि मैदान झाडून वर आलेला चर्मकाराचा मुलगाही.

संघाची कामगिरी बेताची झाली. 23 सामन्यांपैकी 6 जिंकले, 15 हरले. महाराजांचं लक्ष खेळापेक्षा लंडनच्या दरबारी समारंभांकडे जास्त होतं. गोलंदाजीचं ओझं पडलं बाळूंवर. पस्तिशीला आलेल्या या माणसाने त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. लेस्टरशरला हरवलं त्या सामन्यात एकट्याचे 11 बळी. इंग्लंडचा प्रसिद्ध डावखुरा फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स याच्याशी त्यांची तुलना होऊ लागली. हरलेल्या संघातला जिंकलेला माणूस म्हणून ते परतले.

मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राचा मसुदा एका तरुणाने तयार केला होता, असं चरित्रकार सांगतात. तो तरुण एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्याला मिळत होती, वय वीस. नाव भीमराव आंबेडकर.

त्या दिवशी सत्कार घेणारे बाळू होते आणि त्यांच्याकडे अभिमानाने पाहणारे भीमराव होते. त्या काळात सगळ्या हिंदुस्थानात नाव झालेला दलित माणूस म्हणजे बाळू पालवणकर. भीमरावांच्या पिढीने मोठेपणी कुणासारखं व्हायचं, तर बाळूंसारखं.

कर्णधारपद : वीस वर्षांची वाट

1907 पासून मुंबईत तिरंगी सामने सुरू झाले, 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी झाले. हिंदू संघाचे सगळ्यात अनुभवी खेळाडू बाळू. मग कर्णधार कोण? दर वर्षी दुसराच कुणीतरी. वर्तमानपत्रांतून चर्चा व्हायची, मागणी व्हायची, पण निवड समितीचं मन काही द्रवायचं नाही. 1913 साली म. द. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत त्यांनीच उघडपणे सांगितलं की हा मान खरा बाळूंचा होता. पै मोठ्या मनाचे, पण समिती जिथल्या तिथे.

1920 साली गोष्ट हातघाईवर आली. बाळू चाळिशी उलटून गेले होते आणि पहिल्या सामन्यात त्यांना वगळण्यात आलं. पै आजारी पडले. मग कर्णधारपद ज्येष्ठतेने विठ्ठल यांच्याकडे यायला हवं होतं. ते गेलं पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे. देवधरही मोठे खेळाडू, पण प्रश्न त्यांच्या गुणांचा नव्हताच. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे डावललं जातंय हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं. हा एका अर्थाने सत्याग्रहच होता. त्याच वर्षी काँग्रेसने नागपूरला अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला. लोकांचा कल भावांकडे झुकला. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं आणि भाऊ पुन्हा संघात आले. सामना सुरू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली.

पंचवीस वर्षांच्या क्रिकेटमध्ये बाळूंच्या वाट्याला आलेलं कर्णधारपद ते एवढंच. प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21, अशी त्यांची कारकीर्द संपली.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले. हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून नेलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा त्यांच्यातला एक जण सवर्णांच्या खांद्यावर. मोठ्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं, आणि बाळूंनी ते डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आयुष्याचा दोन रीतींनी हिशेब

इथून पुढे बाळू पालवणकर आणि डॉ. आंबेडकर यांच्या वाटा वेगळ्या होतात. दोघांनी अनुभव घेतला तो एकाच समाजाचा, हिशेब मात्र वेगळा मांडला.

बाळूंच्या वहीत जमेची बाजू मोठी होती. मातीचं भांडं गेलं. जिमखान्यात पंगत एक झाली. कर्णधारपदही घरात आलं. उशिरा, रडतखडत, पण आलं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी सवर्ण माणूस आपल्याच लोकांविरुद्ध त्यांच्यासाठी उभा राहिला होता. रानडे, कीर्तिकर, पै, आणि आता गांधीजी. हिंदू समाज बदलतो, वेळ लागतो, पण बदलतो, हा बाळूंचा अनुभव होता. गांधीजींच्या हरिजन कार्याकडे ते ओढले गेले ते यामुळेच.

आंबेडकरांच्या वहीत वेगळ्याच नोंदी होत्या. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आलं, कमाठीबागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. वडोदऱ्यात ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. 1927 मध्ये महाडचं चवदार तळं, 1930 पासून नाशिकचं काळाराम मंदिर. पाणी प्यायला आणि देवळात शिरायला सत्याग्रह, वर लाठ्या आणि दगड. 179 बळी घेणाऱ्या माणसाला जो समाज कर्णधार करत नाही, तो समाज बिनबळीच्या सामान्य दलिताला काय देणार? बाळूंच्याच आयुष्याकडे पाहून कुणी हा प्रश्न विचारला असता, तर तो चुकीचा ठरला नसता.

येरवड्याचे दिवस

ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे काही जागांवर अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्यच निवडणार. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत हेच मागितलं होतं. यामुळे हिंदू समाज कायमचा दुभंगेल असं गांधीजींचं म्हणणं. 20 सप्टेंबरला येरवडा तुरुंगात त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केलं.

पुढचे चार दिवस सगळ्या देशाचं लक्ष पुण्याकडे होतं. आंबेडकरांवर चारही बाजूंनी दबाव होता. त्यांचं मन वळवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा होते आणि बाळू पालवणकर होते. दोघेही संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. सवर्ण नेत्यांच्या विनवणीपेक्षा या दोघांच्या बोलण्याचं वजन वेगळं होतं, कारण ते बाहेरचे नव्हते. मानपत्राच्या त्या सभेला वीसेक वर्षं उलटली होती आणि आता तोलून-मापून बोलायची पाळी बाळूंची होती.

24 सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या. करारावर आंबेडकरांची सही आहे, मालवीयांची आहे, राजगोपालाचारींची आहे, राजेंद्रप्रसादांची आहे. आणि त्याच यादीत पी. बाळू हेही नाव आहे. पूना क्लबात टेनिस कोर्टावर चुना मारणाऱ्या पोराने त्याच गावात, चाळीस वर्षांनी, देशाच्या राजकारणाला वळण देणाऱ्या कागदावर सही केली.

या कराराने दलितांचं भलं झालं की नुकसान, हा वाद आजही मिटलेला नाही. आंबेडकरांनी पुढे त्यावर अत्यंत कडक टीका केली. राखीव जागेवर निवडून येणारा माणूस सवर्णांच्या मतांवर अवलंबून राहील, मग तो दलितांचं कसं बोलेल, हा त्यांचा मुद्दा होता. राखीव जागांचे मतदारसंघ आपल्याकडे आजही आहेत, त्यामुळे हा मुद्दा जुना झालाय असं म्हणता येत नाही.

निवडणुकीच्या मैदानात

बाळू स्वतः निवडणुकीला पहिल्यांदा उभे राहिले ते मुंबई महापालिकेसाठी, 1933-34 मध्ये, हिंदू महासभेकडून. हरले. क्रिकेटमधली टाळी मतपेटीत पडतेच असं नाही, हा धडा तेव्हाही होता.

ऑक्टोबर 1935 मध्ये येवल्याला आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूंनी धर्मांतराला जाहीर विरोध केला. त्यांच्या दृष्टीने हा इतक्या वर्षांच्या खेळीनंतर डाव अर्ध्यावर सोडून देण्यासारखा प्रकार होता. आंबेडकरांच्या दृष्टीने डावाचे नियमच असे होते की त्यात जिंकणं शक्य नव्हतं.

1937 च्या निवडणुकीसाठी आंबेडकरांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. गिरणी कामगार, कुळं, कोकणातली खोती हे त्यांचे विषय. भायखळा-परळ भागातून ते राखीव जागेवर उभे राहिले. काँग्रेसला त्यांच्यासमोर असा उमेदवार हवा होता ज्याचं नाव घराघरात माहीत आहे, जो दलित आहे आणि गांधींना मानणारा आहे. बाळूंखेरीज दुसरा कोण असणार? आंबेडकरांविरुद्ध उभं राहायला ते फारसे राजी नव्हते, वरिष्ठांनी गळ घातल्यावर तयार झाले, असं सांगितलं जातं. त्यांचं वय तेव्हा साठीच्या घरात होतं.

या लढतीत एक गंमत आहे. दोघं लढत होते ती जागा पुणे कराराने निर्माण झालेली, आणि त्या करारावर दोघांच्याही सह्या. एकाने ती मनापासून केलेली, दुसऱ्याने नाइलाजाने. संयुक्त मतदारसंघ असल्यामुळे सवर्णांची मतंही मोजली जाणार होती. काँग्रेसची यंत्रणा, गांधीजींचं नाव आणि बाळूंची कीर्ती, हे सगळं एका पारड्यात होतं. तरीही आंबेडकर निवडून आले.

बाळूंना काँग्रेसने प्यादं म्हणून वापरलं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. आयुष्यभर त्यांना दुसऱ्यांनी आपल्या गरजेनुसार मैदानात उतरवलं. पुण्याच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून, काँग्रेसला आंबेडकरांना हरवायचं होतं म्हणून. पण त्यांना नुसतं प्यादं म्हणणं हाही त्यांच्यावर अन्यायच. संयुक्त मतदारसंघ, हिंदू समाजात राहूनच हक्क, धर्मांतराला विरोध ही मतं त्यांनी तिकिटासाठी बनवली नव्हती. 1932 मध्ये ती होतीच, आणि त्यामागे चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांचा निष्कर्ष आपल्याला पटो न पटो, तो त्यांनी उसना घेतलेला नव्हता.

मागे काय राहिलं

विठ्ठल यांनी 1948 मध्ये माझे क्रीडा-जीवन या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिलं. या भावांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या पुस्तकामुळे टिकलं. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बाळूंना मध्यभागी आणलं, तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळलं. लगान सिनेमातला कचरा, तो हात अधू असलेला अस्पृश्य फिरकी गोलंदाज, बाळूंवरून सुचला असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सिनेमातल्या कचऱ्याला नायक एका भाषणात संघात घेतो आणि प्रश्न मिटतो. बाळूंच्या बाबतीत तो तीस वर्षं मिटला नाही.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचं निधन झालं. धारवाड तेव्हा अजून मुंबई राज्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि ते म्हैसूर राज्यात गेलं. त्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाळूंनी ज्याला विरोध केला ते घडलं, पण ते पाहायला ते राहिले नाहीत.

दोघांतलं कोण बरोबर, हे ठरवणं सोपं नाही. एवढं मात्र दिसतं की बाळूंच्या आयुष्यात जो बदल झाला तो भल्या माणसांच्या मर्जीने झाला. रानडे भेटले म्हणून, कीर्तिकर भेटले म्हणून, पै भेटले म्हणून. जिथे असं कुणी भेटलं नाही तिथे गाडं अडलं. आंबेडकरांना दलितांचं नशीब कुणाच्या मर्जीवर ठेवायचं नव्हतं, त्यांना ते कायद्यात लिहून हवं होतं. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी केलेला अस्पृश्यता गुन्हे कायदा 1 जून 1955 पासून लागू झाला, बाळूंच्या निधनाच्या जेमतेम महिनाभर आधी. हॉटेलात आणि धर्मशाळेत सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी जातीमुळे कुणाला वापरू न देणं, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला.